आफ्रिकेतल्या 'साताऱ्या'त सात दिवस – सफारी करून आलेल्यांनो, तुम्हीही लिहा

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "बिग फाइव्ह दिसले का?" त्या पाच नावाजलेल्या जनावरांतली चार दिसली, बिबट्या नाही दिसला. एवढं सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर जे "अरेरे" उमटतं त्याचा आता कंटाळा आलाय. म्हणून हा धागा.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, तेरा वर्षांचा लेक आणि सासूबाई, वय ६८. सासूबाईंना न्यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचंच मत होतं की त्यांना झेपणार नाही. त्यांचे गुडघे दुखतात. पण क्रूगरमध्ये स्वतःची गाडी चालवत फिरता येतं, आणि मुक्कामाचे कॅम्प आणि ठरवून दिलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायला बंदीच आहे. "म्हणजे दिवसभर बसायचंच ना? मग मी येते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. सोबत एक दोनशे पानी वही घेतली. घरात दूध-पेपरचा हिशोब लिहितात तसलीच.

पार्क किती मोठं आहे हे नकाशा बघून कळत नाही. उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब, क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपलं ताडोबा कोअर आणि बफर मिळून सतराशेच्या थोडं वर. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. ऑगस्टमध्ये सकाळी सहाला कॅम्पचं फाटक उघडतं, संध्याकाळी सहाला बंद. उशीर झाला तर दंड.

आम्ही पाच रात्री सातारा कॅम्पला राहिलो. हो, साताराच! बुकिंग करताना नवरा ओरडला, "अगं, हे बघ, सातारा!" सांगतात ते असं, की जुन्या काळी तिथल्या जमिनींची मोजणी चालली होती, मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदुस्थानी माणूस होता, आणि सतरा नंबरच्या तुकड्याला त्याने आपल्या भाषेत 'सत्रा' म्हटलं. त्याचं झालं सातारा. कंदी पेढे नाहीत, पण सिंहांसाठी हाच भाग नावाजलेला. सासूबाईंचं माहेर कोरेगावचं. कॅम्पच्या पाटीखाली त्यांचा फोटो काढला तो माहेरच्या ग्रुपवर इतका फिरला की विचारू नका.

सिंह दिसला तो दुसऱ्या दिवशी, एस-१०० नावाच्या कच्च्या रस्त्यावर. म्हणजे पंचवीसेक गाड्या दिसल्या. त्या गाड्यांच्या फटीतून गवत, आणि गवतात एक कान. तो कान वीस मिनिटांत दोनदा हलला. लेकाने चाळीस फोटो काढले. सासूबाईंनी वहीत लिहिलं, "सिंह – कान १."

खरी मजा तिसऱ्या दिवशी आली. एव्हाना सगळे दमले होते, म्हणून कॅम्पपासून जवळच्या एनसेमानी नावाच्या धरणावर गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. डबा खाऊ आणि निघू, असा बेत होता. अडीच तास हललो नाही.

एक जिराफ आला. पाण्यापासून पन्नास पावलांवर थांबला आणि नुसता बघत उभा राहिला. दहा मिनिटं झाली. दोन पावलं पुढे आला, पुन्हा उभा. शेवटी काठावर पोचला, तर पुढचे दोन पाय थोडे फाकवले, परत जुळवले. परत फाकवले. मान खाली नेली आणि पाण्याला तोंड लागायच्या आत झटकन वर. कुठेतरी काहीतरी वाजलं असावं. गाडीत आम्ही श्वास रोखून. सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्यासारखंच आहे बाई याचं. खाली बसायचं म्हणजे आधी पाच मिनिटं विचार." तिसऱ्या खेपेला तो पाणी प्यायला. मान वर केली तेव्हा तोंडातून निसटलेल्या पाण्याची एक लांब वळणदार रेघ हवेत उमटली. त्याला नक्की किती वेळ लागला तेही वहीत आहे: ३४ मिनिटं.

त्या अडीच तासांत आणखी काय काय आलं: झेब्रे, गुडघे टेकून चरणारी रानडुकरं, एका पाणघोड्याच्या पाठीवर ओळीने ऊन खात बसलेली पाच कासवं. पाणघोडा बुडला की कासवं पाण्यात, वर आला की परत चढायची. लेकाने फोन बाजूला ठेवला होता. घरी कधी ठेवत नाही.

रात्रीचं अजून एक सांगते. पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली ती सासूबाईंच्या हाकेने. "कोणीतरी कपाट सरकवतंय." ऐकलं तर सिंह. सिनेमात दाखवतात तसली डरकाळी नाहीच ती. आधी दोन-तीन लांब, खोल आवाज, मग हळूहळू आखूड होत गेलेले हुंकार, करवत थांबत जावी तसे. हा आवाज आठ किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतो म्हणे. आमच्या खोलीच्या काचा थरथरल्या असं लेक सांगतो. ते खोटं आहे, पण मी त्याला टोकलं नाही.

तुम्हीही लिहा. फक्त 'बिग फाइव्ह'ची यादी नको!

जोबर्गकर

मस्त लिहिलंय. अकरा वर्षं जोहान्सबर्गला आहे, वर्षातून दोनदा तरी क्रूगर होतं. 'बिग फाइव्ह' हा शब्दच मुळात शिकाऱ्यांचा आहे. पायी शिकार करताना सगळ्यात धोकादायक पाच जनावरं कोणती, तर सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. त्यात चित्ता नाही, जिराफ नाही, रानकुत्रे नाहीत. आता पर्यटकांच्या हातात बंदुका नाहीत, यादी तेवढी गळ्यात राहिली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं:

जोबर्गहून एन-४ महामार्गाने क्रूगरचं मलेलेन फाटक, साधारण पाच तास धरा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे त्रास नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. गाडी शक्यतो उंच घ्या. छोट्या गाडीतून गवताच्या वर काही दिसत नाही, आणि मग नवरा-बायकोत भांडणं होतात.

मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा. झाडी विरळ, जनावरं पाणवठ्यावर. पण पहाटेच्या उघड्या गाडीतल्या सफारीला कानटोपी, हातमोजे लागतात. "आफ्रिका म्हणजे गरम" असं धरून हाफ पँटवर आलेले आपले लोक मी दरवर्षी बघतो. नोव्हेंबर-डिसेंबरला सगळं हिरवं, इम्पाला हरणांची पिल्लं, पक्षी भरपूर, पण जनावर शोधायला कष्ट.

मलेरियाचा भाग आहे. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. लहान मुलं असतील तर पिलानेसबर्ग किंवा अॅडो ही इथलीच दुसरी उद्यानं बघा, तिथे मलेरिया नाही. अॅडोची गोष्टही ऐकण्यासारखी आहे: १९३१ साली ते राखीव केलं तेव्हा तिथे अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत.

वऱ्हाडी_वाघ

ताई, लेख झकास. पण चंद्रपूरचा माणूस आहे, भांडल्याशिवाय राहवणार नाही.

आमच्याकडे कसं असते, पहाटे जिप्सीत बसले, थंडीनं दात वाजून राहिले, आणि एकदम चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, येतो. मग वानराचा. ड्रायव्हर गाडी बंद करतो. गाईड बोट वर करतो. आता काय निघते, कुठून निघते! कधी निघते, कधी काहीच निघत नाही. हे जे थांबणं आहे ना, ते ताडोब्याचं. आफ्रिकेत मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, एका खासगी रिझर्वात. तिथे सगळं ताटात वाढून येते. वायरलेसवर "सिंह अमुक ठिकाणी", गाडी थेट गवतातून तिथे. पहिल्याच संध्याकाळी चार जनावरं झाली, बाप्पा! दुसऱ्या दिवशी बिबट्या. तिसऱ्या दिवशी काय पाहावं हेच समजेना.

बाकी गाड्यांची गर्दी म्हणाल तर आमचंही काही वेगळं नाही. वाघिणीनं रस्ता ओलांडला की तीस जिप्स्या. हे आधी कबूल करतो, नाहीतर कोणीतरी काढेलच.

पक्षीवेडा

दोन पैसे माझेही.

सिंह सिंह म्हणून पहाटे उठून बसलेले किमान निम्मे लोक धनेश ऐकत असतात, हे लक्षात ठेवा. तिथला भुईधनेश टर्कीएवढा, काळाकुट्ट, गळ्याला लालभडक पिशवी, दिवसभर गवतातून चालत फिरतो. पहाटे जो घुमतो तो लांबून थेट सिंहासारखा वाटतो. दक्षिण आफ्रिकेत तो संकटात आहे. दिसला तर बिबट्या न दिसल्याचं दुःख विसरा. आपल्याकडे धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. भुईधनेश तसं करत नाही. तिथला पिवळ्या चोचीचा छोटा धनेश मात्र करतो. तो कॅम्पमधल्या टेबलावर येऊन तुमच्या ताटातलं पळवतोही.

आणि जांभळ्या छातीचा नीलपंख! आपल्या नीलपंखाचा तो भाऊबंद, पण रंग असे की कोणीतरी होळी खेळून सोडलाय. तारेवर नाही, वाळक्या काटकीच्या टोकावर बसतो. लोक पन्नासच्या वेगाने त्याच्या पुढून निघून जातात, कारण पुढे म्हणे सिंह आहे.

@मृण्मयी, पाठीवरची कासवं तुम्ही वर्णन केलीत तशी मी क्रूगरमधल्याच लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमला पाहिली होती. एका पाणघोड्यावर तर बगळा होता. उभा. प्रवास करत.

सुलभा_प

आमची सहल ग्रुप टूरची होती, वय झालं, स्वतः गाडी चालवणं जमणार नाही. कंपनीचं नाव घेत नाही. पत्रकात "तीन सफारी" असं छापलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की विमानतळापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो, ती पहिली सफारी. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, माकडं दिसली ना?" तेव्हा पत्रक नीट वाचा, आणि 'सफारी' म्हणजे किती तास, कुठल्या गाडीतून, हे लेखी घ्या.

पण बोट्सवानाच्या चोबे नदीवरची ती एक दुपार मात्र सगळे पैसे वसूल करून गेली. चपटी बोट, खुर्च्या टाकलेल्या. नदीच्या मधोमध गवताचं एक सपाट बेट आहे, सेडुडू. या बेटावरून बोट्सवाना आणि नामिबियाचं भांडण पार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं, १९९९ साली निकाल लागला आणि बेट बोट्सवानाला मिळालं. आमच्या नावाड्याने हे इतक्या अभिमानाने सांगितलं, जणू खटला त्यानेच चालवला होता.

चारच्या सुमाराला हत्ती आले. वीस-बावीस. सगळ्या वयाचे. बेटावर जायला त्यांनी सरळ नदीत पाय घातला. मोठ्यांच्या पाठी दिसत होत्या, मधल्यांची डोकी आणि लहानांच्या फक्त सोंडा, पाण्याबाहेर काढलेल्या, पाणबुडीच्या नळ्यांसारख्या. एक पिल्लू मागे पडत होतं तर आईने, का मावशीने, त्याच्या मागे जाऊन डोक्याने ढकललं. पलीकडे निघाले ते कमरेपर्यंत काळे, वर धुळकट. दोन रंगांचे हत्ती! बोट अगदी जवळ होती. ते गवत उपटून, पायावर आपटून माती झाडून मग तोंडात घालत होते. मेथी निवडावी तसं.

त्या देशाच्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे पाऊस. कोरड्या देशात पैशाला पाऊस म्हणतात हे मला फार आवडलं. एक नोट ठेवून दिली आहे.

शंकेखोर

सगळं छान, पण मी नेहमीचा प्रश्न विचारतो. एका एजंटने पाठवलेल्या पॅकेजमध्ये "सिंहाच्या बछड्यांसोबत फोटो" आणि "सिंहांबरोबर चालणे" असं आहे. पोरं हट्टाला पेटली आहेत. घ्यावं का? आणि खर्चाचं कोणीच बोलत नाहीये.

जोबर्गकर

@शंकेखोर, बछड्यांचं अजिबात घेऊ नका. जरा विचार करा: फोटोसाठी वर्षभर बछडे लागतात, म्हणजे वर्षभर ते पैदा करावे लागतात, आईपासून लवकर तोडावे लागतात. वर्ष-दीड वर्षात ते मांडीवर घेण्याजोगे राहत नाहीत. माणसाला न घाबरणारा सिंह जंगलात सोडता येत नाही. मग त्यातले बरेच कुंपणाच्या आत पैसे भरून शिकार करणाऱ्यांपुढे जातात, नाहीतर हाडांच्या व्यापारात. २०२१ साली इथल्या सरकारने नेमलेल्या समितीनेही हा पाळीव सिंहांचा धंदा बंद करायची शिफारस केली. तिथला माणूस तुम्हाला सांगेल की हे "अनाथ" आहेत. दरवर्षी इतके अनाथ कुठून येतात हे त्याला विचारा.

खर्च: आकडे टाकत नाही, इथलं चलन रँड रोज वर-खाली होतं. पण ढोबळ सांगतो. खासगी लॉजमध्ये एका रात्रीला जेवढे जातात तेवढ्यात सरकारी कॅम्पमध्ये चौघांचे कित्येक दिवस निघतात. प्रवेशशुल्क माणशी, दर दिवसाचं असतं, आणि परदेशी पाहुण्यांना ते इथल्यांपेक्षा बरंच जास्त आहे. जास्त दिवस राहणार असाल तर 'वाइल्ड कार्ड' हा वर्षाचा प्रवेशपास स्वस्त पडतो का ते हिशोब करून बघा. सातारा, लोअर साबी हे कॅम्प महिनोन्‌महिने आधी भरतात, तेव्हा विमानाच्या आधी कॅम्प.

@वऱ्हाडी_वाघ, वायरलेसचं पटलं. सरकारी भागात वायरलेस नाही तर लोकांच्या फोनवर अॅप आलंय. परिणाम तोच. एक गोष्ट मात्र चांगली आहे: कॅम्पच्या फलकावर कुठे काय दिसलं याच्या रंगीत टिकल्या लावतात, त्यात गेंड्याची टिकली नसते. चोरट्या शिकारीमुळे. गेंडा दिसला तर फोटो काढा, जागा टाकू नका. तिथे बऱ्याच गेंड्यांची शिंगं आता कापलेलीच दिसतील. तीही त्यांचा जीव वाचावा म्हणूनच.

मृण्मयी_ठाणे

गेंड्याचं खरं आहे. आम्हाला दिसलेल्या दोघांचीही शिंगं कापलेली होती. लेक म्हणाला, "आई, हा गेंडा वाटतच नाही." मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

जेवणाचं तीन जणांनी खासगीत विचारलंय. कॅम्पच्या झोपडीबाहेर ओट्यावर शेगडी आणि फ्रीज असतो, शेजारी मांस भाजायची चूल. संध्याकाळी सहानंतर सगळ्या कॅम्पभर तो वास. आम्ही शाकाहारी, पण सवय होते. वाटेत म्बोम्बेलाला सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, टोमॅटो, ढीगभर अॅव्होकाडो घेतले. तिथे मक्याच्या पिठाचा पाप नावाचा घट्ट प्रकार मिळतो, आपल्या उकडीचा चुलतभाऊ, आणि त्यावर चकालाका नावाची तिखट भाजी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी वरून लसणीची चटणी घालून दोनदा घेतला.

माकडांपासून मात्र जपा. बाकरवडीचं अख्खं पाकीट टेबलावरून गेलं. ते वेर्वेट माकड समोरच्या छपरावर बसून, एकेक वडी हुंगून, सारण कोरून खात होतं आणि बाहेरची पारी खाली टाकत होतं.

आणि हत्तीचं राहिलंच. ऑलिफंट्स कॅम्पकडे जाताना समोरून एक एकटा नर आला. गालांवरून काळे ओघळ वाहत होते, मागच्या पायांवरूनही ओघळ. माज आलेला. नवऱ्याने गाडी थांबवली. हत्ती थांबला नाही. मग आम्ही मागे, मागे, मागे. जवळजवळ एक किलोमीटर उलटा गियर. तो रस्ता सोडायचं नाव घेईना. माझ्या पोटात गोळा. मागून सासूबाईंचा शांत आवाज: "त्याला घाई नाहीये, तूच कशाला करतोस?" शेवटी तो एका झाडापाशी थांबला, फांदी मोडली (तो आवाज अजून कानात आहे, फटाक्यासारखा) आणि खात खात आत गेला.

जोबर्गकर

बरोबर केलंत. माजावरच्या हत्तीपुढे मागेच जायचं, आणि हॉर्न कधीही नाही. शेजारून निसटू म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी उलट्या झालेल्या पाहिल्या आहेत.

वाळवंटी

नामिबियातल्या इटोशाचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितोय. मध्ये सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचं पांढरं मिठाचं सपाट पात्र, काठाकाठाने पाणवठे. ओकाउक्वेयो कॅम्पला कुंपणालगत एक पाणवठा आहे, त्यावर रात्रभर पिवळा दिवा. बाकांवर बसायचं, घोंगडी पांघरून. बोलायचं नाही.

साडेदहाला काळा गेंडा आला, मादी आणि पिल्लू. बाकांवर साठ-सत्तर माणसं असतील, पण खोकलासुद्धा नाही. तिचं पाणी पितानाचं सुर्र सुर्र ऐकू येत होतं. मग हत्ती आले आणि त्यांनी तिला सरळ हाकललं. ती फुरफुरली, दोन पावलं पुढे, आणि मग गेली. वीस मिनिटांनी हत्ती गेले, तर ती अंधारातून परत. तिथेच उभी होती.

नामिबियातूनच १७ सप्टेंबर २०२२ ला आठ चित्ते आपल्या मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, दक्षिण आफ्रिकेचे बारा त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये. मी इटोशात चार दिवस चित्ता शोधला, दिसला नाही. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "कशाला एवढं लांब गेलास, ग्वाल्हेरला उतरायचं."

वऱ्हाडी_वाघ

😄 भाऊ बरोबर बोलला.

ताई, माझं थोडं मत बदललं. पुढच्या खेपेला रिझर्वात नाही, ह्या तुमच्या साताऱ्यातच जातो, आणि एका पाणवठ्यावर अडीच तास बसून पाहतो. पण एक विनंती आहे. आजींच्या वहीतलं एखादं पान टाका ना.

मृण्मयी_ठाणे

विचारलं. आधी नाही म्हणाल्या, अक्षर चांगलं नाही म्हणून. मग म्हणाल्या, "टाईप करून टाक, पण बदलायचं नाही." हे शेवटच्या दिवसाचं पान:

"सकाळी ६.१० निघालो. फार थंडी.
६.४० तरस १, पोट भरलेलं, लंगडत चाललं होतं.
७.०५ इम्पाला. मोजणं सोडलं.
७.३० निळा पक्षी (रोजचाच असावा).
८.१५ हत्ती ९ + लहान २. लहान्याने आमच्यावर कान पसरले. हसू आलं.
९.०० गाड्यांची गर्दी. बिबट्या आहे म्हणे. दिसला नाही. थांबू नका म्हटलं.
९.२० धरण. कालचाच जिराफ असावा. आज १९ मिनिटं."